कानाच्या पाळीवरचा शिकंजा

आमच्या रस्त्याचं डांबर जिथे संपतं आणि खडी सुरू होते, तिथे एक सुताराचं दुकान आहे. सकाळी त्याचं दार उघडलं की आधी ताज्या कापलेल्या लाकडाचा वास बाहेर येतो, आणि त्याच्या मागून मिस्त्री येतात. उंच माणूस, खांदे थोडे पुढे झुकलेले, कानावर लाल पेन्सिल आणि ऐन उन्हाळ्यातही शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं. दुकानाला लागून मागच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार. मिस्त्री, त्यांची बायको आणि एक लेक.

समोर त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणतात. पाठ वळली की शिकंजा मिस्त्री. शिकंजा म्हणजे लोखंडाचे दोन जबडे आणि त्यांना जवळ आणणारा एक लांब स्क्रू. फळ्यांना सरस लावायचा, त्या जबड्यांत धरायच्या आणि पिळत जायचं. पिळताना लाकूड कुरकुरतं. सरसाचा एक पिवळा दोरा फटीतून बाहेर येतो, तो ओल्या फडक्याने पुसायचा आणि मग बाजूला व्हायचं. मिस्त्री खिळे फार वापरत नाहीत. त्यांचा सगळा भरवसा सांधा, सरस आणि दाब यांवर. त्यांनी जोडलेलं टेबल उलटं करून बघा, फळी कुठे संपली आणि दुसरी कुठे लागली हे नखाला कळणार नाही.

त्या दुकानात एक नियम आहे. सरस वाळेपर्यंत शिकंज्याला कुणी हात लावायचा नाही. मध्येच सैल केला की सांधा वरून धरलेला दिसतो आणि आतून कायमचा गेलेला असतो. एकदा शाळेच्या बाई कपाटासाठी अडून बसल्या होत्या. सगळं तर झालंय, मग तो लोखंडी सापळा काढा आणि द्या ना, म्हणाल्या. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "न्या की बाई. कपाट आज न्या, दार उद्या आपोआप तुमच्या गळ्यात येईल." बाई कपाट न घेता गेल्या, पण बाहेर जाऊन हसल्या.

हा नियम लेकीला चालायला लागण्याआधीपासून माहीत. ती लहानाची मोठी सालपटांत झाली. आता दुकानातलं पॉलिश तिच्याकडे असतं. कापसाचा बोळा मलमलीत बांधून ती लाकडावर गोल गोल फिरवते, पुन्हा फिरवते, आणि कुठल्या क्षणी थांबायचं हे तिला बरोबर कळतं. वाढीव एक हात दिला की चकाकी चिकट होते. मिस्त्रींचे हात जोडण्याचे आणि लेकीचे हात थांबण्याचे, असं तिची आई म्हणते.

या लेकीच्या डाव्या कानाच्या पाळीची ही गोष्ट आहे.

मैत्रिणीबरोबर बाजारात गेली आणि आधीच्या भोकाच्या वर हौसेने आणखी एक भोक पाडून आली. जखम भरली. भरली आणि थांबली नाही. भोकाच्या मागे आधी एक कडक दाणा आला, मग तो मण्याएवढा झाला, मग गोटीएवढा. गुळगुळीत, तांबूस, ताणल्यासारखा चमकणारा. खाज अशी यायची की ती बोळा खाली ठेवून मनगटाने कान दाबत बसायची. झोपताना त्या कुशीवर वळता येईना. केस ती कायम डावीकडे ओढून घ्यायला लागली. गिऱ्हाईक आलं की त्याच्याकडे उजवी बाजू करून उभी राहायची, इतकी सराईतपणे की बघणाऱ्याला वाटावं, हिला उभं राहायची हीच लकब आहे.

मिस्त्रींनी ती गाठ पाहिली आणि त्यांच्या हाताला जे सुचायचं तेच सुचलं. लाकडावर गाठ आली तर रंधा मारायचा. ते लेकीला घेऊन चौकातल्या लहान दवाखान्यात गेले आणि म्हणाले, "साफ काढून टाका." तिथल्या डॉक्टरनेही फार विचार न करता काढून टाकली. टाका सुबक होता. मिस्त्रींनी सांधा प्रकाशात धरून बघावा तसा कान वळवून बघितला आणि समाधानाने मान हलवली.

पाऊस सरून थंडी पडेपर्यंत गाठ परत आली, आणि या वेळी जुन्या टाक्याची रेघ गिळून दोन्ही बाजूंना पसरली. पाळी तिच्या वजनाने खाली ओघळली. लेकीने आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला. आई तो सरळ करायची, ती पुन्हा फिरवायची.

मग शाळेच्या त्याच बाईंनी शहरातल्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं. चष्म्याच्या दुकानावरचा पहिला मजला, अरुंद जिना, आत पांढरा दिवा आणि भिंतीला लावलेली बाकडी. डॉक्टरीणबाई वयाने लेकीपेक्षा फार मोठ्या नसतील, पण बोलणं ठाम. त्यांनी गाठ चिमटीत धरून पाहिली, कडा कुठवर गेल्यात ते बोटाने चाचपलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"याला केलॉइड म्हणतात," त्या म्हणाल्या. "घाबरायचं नाही. हा कॅन्सर नाही, कुणाला लागत नाही, आणि तू काही चुकीचं केलं म्हणून झालेला नाही. जखम झाली की शरीर ती भरायला धागे विणतं. भरली की विणकाम थांबतं. काही जणांच्या कातडीत ते थांबतच नाही. जखमेची हद्द ओलांडून आजूबाजूच्या चांगल्या कातडीवर पसरतं."

"म्हणजे काम संपलं तरी कामगार घरी जात नाहीत," लेक म्हणाली.

"अगदी तसंच. आणि नुसतं कापलं की त्या कामगारांना नवी मोठी जखम मिळते. म्हणून परत आलं."

मिस्त्रींनी खाली बघितलं. साफ काढून टाका, हे कुणी सांगितलं होतं ते खोलीतल्या तिघांना ठाऊक होतं.

डॉक्टरीणबाईंनी पुढचं सांगितलं. आधी महिन्यामहिन्याने गाठीतच इंजेक्शन, ती मऊ आणि लहान व्हावी म्हणून. मग बेताने कापायची. मग पुन्हा इंजेक्शनं, आणि जखम भरली की पाळीवर दाब देणारी क्लिप, बरेच महिने, दिवसाचा बहुतेक वेळ. इतकं करूनही परत येणारच नाही अशी हमी नाही. "पण आपण लक्ष ठेवू," त्या म्हणाल्या, आणि कागदावर लिहिता लिहिता सहज विचारलं, "घरात कुणाला आहे का असं? आईला, वडिलांना, काका, आत्या?"

मिस्त्रींचा हात गळ्याच्या बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"नाही," ते म्हणाले. "आमच्या घराण्यात असलं काही नाही."

त्यांची बायको बाकड्याच्या कडेला बसली होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं. तिला माहीत होतं. लग्नाआधी, शिकाऊ असताना, मिस्त्रींच्या हातातली लाकूड कोरायची पटाशी सटकली होती आणि छातीवर मधोमध लागली होती. जखम चिमूटभर. वण मात्र वर्षानुवर्षं वाढत गेला होता, खेकडा पाय पसरून बसावा तसा. तो खाजायचा. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने ते शर्टावरूनच तो खाजवायचे आणि कुणी बघितलं की पेन्सिल कानावर जायची. ज्याचा सांधा नखाला कळत नाही, त्याच्याच अंगावर असा न मिटणारा सांधा. त्यांना ती स्वतःच्या हाताची नाचक्की वाटायची. लेकीने लहानपणी एकदा विचारलं तेव्हा, "पटाशी लागली होती," एवढंच उत्तर मिळालं होतं, आणि मुलं जशी मोठ्यांची उत्तरं ठेवून देतात तशी तिने ते कुठेतरी ठेवून दिलं होतं.

घरी जाताना लेक थोडी पुढे गेली तशी बायको हळूच म्हणाली, "अहो, सांगायला काय झालं होतं?"

"माझ्या छातीचा तिच्या कानाशी काय संबंध?"

"तो डॉक्टरला ठरवू द्यायचा होता."

"तू गप्प बस बरं."

ती गप्प बसली. वीस-बावीस वर्षांच्या संसारात ती अशी पुष्कळदा गप्प बसली होती, पण या वेळचं गप्प बसणं तिला टोचत राहिलं.

इंजेक्शनं झाली. दुखायची. लेक खुर्चीचा हात घट्ट धरायची आणि मिस्त्री जिन्यात जाऊन उभे राहायचे. गाठ खरंच मऊ पडली, सुकलेल्या मनुक्यासारखी आत बसली. मग डॉक्टरीणबाईंनी ती कापली. पट्टी निघाली त्या दिवशी लेकीने घरी येऊन आरसा स्वतःच्या हाताने सरळ केला. पाळी होती. लहान, लालसर, बारीक रेघेची, पण पाळीसारखी पाळी. आईने मागून बघितलं आणि पदर डोळ्याला लावायच्या ऐवजी लेकीच्या पाठीत एक धपाटा घातला. "आता बाजारात गेलीस ना भोकं पाडायला, तर बघ!"

जखम पुरती भरल्यावर क्लिप आली. प्लॅस्टिकच्या दोन चकत्या आणि मध्ये नाजूक स्प्रिंग. लेक ती लावून काम करायची, जेवायची, झोपायची. कान कसा आहे हे बघायला दिवसातून कितीतरी वेळा काढायची आणि परत लावायची. समोरचा टायरवाला म्हणायचा, "ताई, कपडे वाळत घालायचा चिमटा कानाला का?" ती म्हणायची, "हो, तुमचं बोलणं आत जाऊ नये म्हणून."

आणि एक दिवस, ओल्या पॉलिशच्या हातातून ती क्लिप निसटली, फरशीवर पडली, आणि फळी घेऊन मागे सरकणाऱ्या मिस्त्रींच्या टाचेखाली आली.

कट्कन आवाज झाला. तिघांनी तो ऐकला.

लेकीने लगेच दवाखान्यात फोन लावला. नवी क्लिप मागवावी लागेल, आठवडाभर लागेल, असं तिकडून कळलं. तोवर सिलिकॉनची पट्टी लावून ठेवा, काळजी नको, आठवड्याने काही बिघडत नाही.

"बघा, काही बिघडत नाही म्हणाल्या," आई म्हणाली.

मिस्त्रींचं लक्ष फुटक्या चकत्यांवर होतं. त्यांनी त्या तळहातावर घेतल्या, जुळवून पाहिल्या, स्प्रिंग दाबून पाहिली. मागच्या खेपेला गाठ कशी परत आली होती ते त्यांच्या डोळ्यांपुढे होतं. थंडी पडली तशी ती रोज थोडी थोडी वर येत गेली होती आणि ते रोज बघत होते. आता त्यांच्याच टाचेखाली ते महिन्यांचं काम आलं होतं.

"आठवडा मोकळं सोडायचं?" ते म्हणाले. "सांधा मोकळा सोडायचा? मी करतो."

"बाबा, त्या वाट बघा म्हणाल्यात."

"त्यांना शिकंजा कुठे माहीत आहे? आण इकडे कान."

दुपारभर मिस्त्री त्या इवल्याशा कामावर वाकून होते. शिसवाच्या तुकड्यातून दोन चकत्या काढल्या, नखाएवढ्या. कडा इतक्या गोल केल्या की गालावर फिरवाव्यात. आतून मऊ चामड्याचा तुकडा चिकटवला. दागिन्यांच्या एका जुन्या पेटीचा पितळी स्क्रू काढून मध्ये बसवला. मला विचाराल तर त्यांनी आयुष्यात केलेल्या कामांत हे सगळ्यात देखणं काम असेल. टायरवालाही बघायला आला आणि त्याची थट्टा तोंडातच राहिली. "मिस्त्री," तो म्हणाला, "हे विकायला काढा हो. बायका कान धड असूनसुद्धा घालतील."

स्प्रिंग मात्र त्यात नव्हती. स्प्रिंग दाबते, पण पुढे गेलं की मान तुकवते. स्क्रू मान तुकवत नाही.

त्यांनी लेकीला स्टुलावर बसवलं, पाळी चकत्यांमध्ये घेतली आणि बोटांनी स्क्रू फिरवला. मग पेचकस घेतला.

"बसला, बाबा."

"अजून थोडा."

"दुखतंय."

"सुरुवातीला लाकूडही कुरकुरतं." त्यांनी आणखी एक पीळ दिला, मान तिरकी करून बघितलं, आणि बाजूला झाले. "आता उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही."

दुसरी कुठली मुलगी असती तर तिने दोन मिनिटांत काढून फेकली असती. पण ही त्या दुकानाची लेक होती. आवळलेला शिकंजा मध्येच सोडला की काम आतून जातं, हे तिच्या हाडात होतं. प्लॅस्टिकची क्लिप ती सतत काढून बघायची, कारण ती दवाखान्यातली वस्तू होती. ही बाबांनी आवळलेली होती. ती उठली आणि पलंगाच्या पाठीला पॉलिश करायला लागली.

कान ठणकत होता. ठणका जबड्यात उतरला, मग मानेत. ती गोल गोल बोळा फिरवत राहिली, दात आवळून. ऊन दाराच्या उंबऱ्यावरून आत सरकलं आणि फरशीवर लांब झालं. मग हळूहळू ठणका विझला. पाळी आहे की नाही तेही कळेना. तिला बरं वाटलं. बसला वाटतं, असं ती मनाशी म्हणाली. हीच तिची चूक, आणि ती तिच्या एकटीची नव्हती.

आई पाणी घेऊन आली. पेला पुढे करता करता तिचं लक्ष केसांखाली गेलं. तिने केस बाजूला केले. चकत्यांच्या कडेला डोकावणारी पाळी पांढरीफटक होती, आणि खालची किनार जांभळी.

"हे काय आहे?" आई म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की रंधा चालवणारे मिस्त्री थांबले.

"काय झालं?"

"हिच्या कानाचा रंग बघा."

मिस्त्री आले. त्यांनी पाहिलं. बोटाने पाळीच्या टोकाला स्पर्श केला आणि विचारलं, "लागतं का?"

"कुठे?" लेक म्हणाली.

त्या एका शब्दाने मिस्त्रींच्या चेहऱ्यावरचं रक्तही उतरलं. ते पेचकस शोधायला वळले. दिवसभर हातात असलेला पेचकस, आता दिसेना. सालपटं उडवली, डबे पालथे केले. बायको ओरडली, "अहो, खिशात आहे तुमच्या!" त्यांनी तो काढला, स्क्रूच्या खाचेत धरला, पण जो हात केसाच्या जाडीचा सांधा जुळवायचा तो खाचेवरून घसरत होता. एकदा घसरला. दुसऱ्यांदा टोक गालाला लागलं.

लेकीने त्यांच्या हातातून पेचकस काढून घेतला. मागच्या खोलीत जाऊन भिंतीवरच्या आरशासमोर उभी राहिली, तोच आरसा, आणि स्वतः स्क्रू सोडवला. चकत्या सुटल्या. पाळीवर दोन गोल खाचा उमटल्या होत्या, मेणात ठसा उमटावा तशा. रंग आला नाही.

टायरवाल्याची जुनी जीप दारात उभी राहिली. कुणी त्याला बोलावलं हे कुणालाच आठवत नाही, त्यालाही नाही. मागच्या सीटवर लेक आणि आई, पुढे मिस्त्री. खडी संपून डांबर लागलं तसं गाडीचं खडखडणं थांबलं.

"चोळू का जरा?" मिस्त्री मागे वळून म्हणाले. "गरम फडकं—"

"हात लावू नका," लेक म्हणाली. ती रस्त्याकडे बघत होती. "बाबा, मी दुखतंय म्हणाले होते."

मिस्त्री पुढे वळले. टायरवाल्याने आयुष्यात पहिल्यांदा तोंड बंद ठेवून गाडी चालवली.

जिना चढताना मिस्त्री मागे राहिले. आत गेले तेव्हा डॉक्टरीणबाई दिव्याखाली लेकीचा कान बघत होत्या. त्यांनी टोकावर बोट अलगद दाबलं, सोडलं, वाट पाहिली. पुन्हा दाबलं. लेकीने शिसवाच्या त्या चकत्या टेबलावर ठेवल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी त्या उचलल्या, फिरवून पाहिल्या.

"सुंदर आहेत," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा राग त्या शब्दातूनच कळला. "कुणी केल्या?"

"मी," मिस्त्री म्हणाले.

"दाब किती द्यायचा हे कुणाला विचारलंत?"

मिस्त्रींची नजर चकत्यांमधल्या पितळी स्क्रूवर गेली.

"लाकडात रक्त वाहत नाही, काका. कातडीत वाहतं. दाब इतकाच हवा की विणकाम मंदावेल. त्याहून जास्त झाला की रक्तच पोचत नाही आणि कातडी मरते. क्लिप दुखता कामा नये, रंग बदलता कामा नये, आणि बदलला तर तिथल्या तिथे काढायची. उद्या सकाळी नाही."

"आता?" आईने विचारलं.

"आता थांबायचं. चोळायचं नाही, शेकायचं नाही. रक्त परत येतंय का ते बघायचं. कडेला थोडी कातडी गेली तर तिथे नवी जखम होईल. आणि हिच्या अंगावर नवी जखम म्हणजे काय, ते तुम्ही पाहिलंयत."

त्या खोलीत घड्याळ नव्हतं. खालच्या दुकानात कुणीतरी चष्मे लावून बघत होतं, हसत होतं. डॉक्टरीणबाई मधूनमधून येऊन बोट टेकवत होत्या आणि परत जात होत्या. मिस्त्री बाकड्यावर बसले होते. हात मांडीवर पालथे. जन्मभर काहीतरी धरलेले ते हात रिकामे होते आणि त्यांना कुठे ठेवावं ते त्यांना कळत नव्हतं. एक हात आपोआप छातीवर गेला. कानावरची पेन्सिल काढली, शर्टावर टेकवली. बायकोने ते पाहिलं. या वेळी तिने खिडकीकडे पाहिलं नाही. नवऱ्याकडे पाहत राहिली.

डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या, बोट दाबलं, सोडलं. "मधे थोडा गुलाबी येतोय," त्या म्हणाल्या. "किनार अजून नाही. फोड येईल असं वाटतं." त्या कागद चाळत उभ्या राहिल्या. "मला ठरवायचंय की जखम नुसती भरू देऊन बघत राहायचं, की भरली रे भरली की इंजेक्शनं सुरू करायची. घरात कुणाला नाही म्हणालात, तर—"

"थांबा," मिस्त्री म्हणाले.

ते उभे राहिले. गळ्याचं बटण काढलं. मग दुसरं, मग तिसरं. शर्टाच्या दोन्ही बाजू त्यांनी दूर केल्या, आणि पांढऱ्या दिव्यात तो तांबडा, चकाकता, पाय पसरलेला वण सगळ्यांसमोर आला.

लेक कान विसरून बघत राहिली. तिने तिचीच गाठ पाहिली. तोच रंग, तीच ताणलेली चमक, फक्त जागा दुसरी.

"पटाशी लागली होती," मिस्त्री म्हणाले. पुन्हा तेच उत्तर, पण या वेळी ते तिथे थांबले नाहीत. "चिमूटभर लागली होती. मग हा वाढत गेला. अजून वाढतोय. रात्री खाजतो. मी तुम्हाला खोटं सांगितलं, डॉक्टर. कामात खोट राहिली असं वाटायचं मला. माझ्या हाताची."

"तुमच्या हाताचा यात काही दोष नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे रक्तातून येतं."

"म्हणजे माझ्यातून तिच्यात गेलं."

"कल गेला. भोक तिने स्वतः पाडून घेतलं."

"तेवढं माझं," लेक म्हणाली. तिचा आवाज फाटला होता, पण त्यात किंचित हसू होतं. मग ते गेलं. "बाबा, मला वाटायचं जगात हे मला एकटीलाच आहे. मी तो आरसा फिरवून ठेवायचे आणि तुम्ही भिंतीपलीकडे हे झाकून बसायचात."

मिस्त्रींनी बटणं लावायला हात नेला.

"राहू द्या उघडा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बघायचाय मला."

पाळीच्या बऱ्याचशा भागात त्या संध्याकाळी रंग परत आला. आधी ठिपक्याठिपक्यांनी, मग पसरत, आणि त्याबरोबर ठणकाही परत आला. लेक कळवळली. तिच्या त्या कळवळण्याने आईचा जीव भांड्यात पडला. किनारीवर फोड आला, त्याची खपली झाली, खपली पडून तिथे एक लहानशी खाच राहिली. कातडी भरताच डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं, थांबून बघत बसल्या नाहीत. त्या खाचेच्या जागी आजही कुणी बोट ठेवलं तर थोडं कडक लागतं. ते वाढतं की तिथेच बसतं, हे अजून सांगता येत नाही. दर खेपेला त्या मोजतात आणि दर खेपेला तिघं श्वास धरतात.

दर खेपेला आता खुर्चीत दोघं बसतात. आधी लेक. मग बाप. छातीवरचा वण जुना आणि रुंद, तो जाणार नाही, पण मऊ पडेल, खाज कमी होईल, असं त्यांना सांगितलंय. सुई आत गेली की मिस्त्री असे ओरडतात की खालचा चष्मेवाला छताकडे बघतो.

"अहो, पोरगी बघा कशी गप्प बसते," बायको म्हणते.

"ती आईवर गेलीय," मिस्त्री म्हणतात. "गप्प बसायचं तिकडूनच आलंय तिच्यात."

"माझं गप्प बसणं संपलं आता," ती म्हणते. आणि ते खरं आहे, आमच्या रस्त्यावर सगळ्यांना ऐकू येतं.

नवी क्लिप केव्हाच आली. पण लेक शिसवाचीच वापरते. मिस्त्रींनी ती पुन्हा केली. स्क्रू काढला, त्या जागी स्प्रिंग बसवली, डॉक्टरीणबाईंसमोर बसून एकेक वेढा कमी करत. चकत्यांना बारीक भोकं पाडली, आतला रंग दिसावा म्हणून.

परवा मी एक खुर्ची घेऊन दुकानात गेलो होतो. मिस्त्री दारातच होते, गळ्याची दोन बटणं उघडी. वाऱ्याने शर्ट हलत होता आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. शिकंज्यात एक फळी वाळत होती, तिला कुणी हात लावत नव्हतं, तो नियम अजून आहे. आत लेक स्टुलावर बसली होती. मिस्त्रींनी क्लिप घेतली, चामडं फुंकून साफ केलं, आणि लेकीच्या कानाकडे नेलेला हात मध्येच थांबवला. मग क्लिप तिच्या तळहातावर ठेवली.

"तू लाव," ते म्हणाले.

तिने लावली. ते बघत उभे राहिले.

"दुखतंय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"बाबा, नाही दुखत."

ते दोन पावलं फळीकडे गेले, आणि परत आले.

"आता?"